पायलट म्हणून वाटलेले पेढे

बेळगावला का जायचंय हे घरी सांगितलं तेव्हा बायकोने एकच प्रश्न विचारला. "म्हणजे परत येताना विमानात बसता यावं म्हणून तू तिकडे जाणार?" हो. जाताना बस, येताना विमान, मध्ये दोन दिवस. विमानांचं वेड असलेल्या माणसाला यात विचित्र काही वाटत नाही. घरच्यांना वाटतं.

विमान स्टार एअरचं, एम्ब्रेअर १४५. एकूण ५० सीट. डावीकडे एक, उजवीकडे दोन अशी बैठक, म्हणजे डावीकडची सीट मिळाली की खिडकीही आपली आणि पॅसेजही आपलाच. शेजारच्याचं कोपर नाही, "जरा उठता का" नाही. दोन्ही इंजिनं शेपटीकडे, त्यामुळे पंख कसे मोकळे, स्वच्छ दिसतात. गंमत म्हणजे याच विमानाच्या पाठीवर रडारची लांब पेटी बसवून संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओने 'नेत्र' तयार केलं आणि २०१७ मध्ये ते हवाई दलाकडे गेलं. दूरवरची शत्रूची विमानं हुडकणारं यंत्र आणि बेळगावच्या व्यापाऱ्याला मुंबईला आणणारं वाहन, सांगाडा एकच. हे मी बायकोला सांगितलं. तिने मेथी निवडायला घेतली.

बसबद्दल फार बोलत नाही. स्लीपर होती, पण झोप एसीने खाल्ली. पडद्याच्या कडीला टॉवेल बांधून एसीचं भोक बुजवण्यात रात्र गेली. निपाणीला उजाडलं. दुकानांच्या पाट्या कानडी झाल्या, पण पाटीखाली उभी असलेली माणसं एकमेकांशी मराठीतच भांडत होती, तेव्हा बरं वाटलं. संकेश्वरच्या पुढे हत्तरगी लागलं तसा मी खिडकीला नाक लावून बसलो. हायवेच्या कडेला इथे एअरोस्पेसचा एसईझेड, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, आहे. ऊस आणि तंबाखूच्या या पट्ट्यात एअरबस आणि बोइंगला लागणारे सुटे भाग घडतात. शेजारच्या बर्थवरच्या गृहस्थांना मी हे उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "माझा भाचा तिथंच आहे, सेकंड शिफ्टला." मग पुढे मी काही बोललो नाही.

पहिला दिवस: किल्ला, कपिलेश्वर, खडेबाजार, कुंदा, झोप. कॅम्पातून जाताना मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरपाशी रिक्षा हळू करायला लावली. डिसेंबर १९७१ मध्ये आताच्या बांगलादेशातल्या टांगाइलला पॅराशूटने उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठ्यांचीच पलटण. रिक्षावाल्याला ते माहीत होतं. बेळगावात आपल्या ज्ञानाला फारसा भाव नाही, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

संध्याकाळी लॉजच्या मॅनेजरशी विमानांवरून वाद झाला. त्यांचं दुःख जुनं आहे. २०१८ मध्ये स्पाइसजेटने इथली विमानं उचलून हुबळीला नेली, ते अजून त्यांच्या मनातून गेलेलं नाही. एका बाजूला हुबळी, दुसऱ्या बाजूला कोल्हापूर, घाट उतरलं की गोव्याचे दोन विमानतळ. बेळगाव मधल्या मुलासारखं. त्यांना वाटतं, दिल्लीला इंडिगोचं एअरबस जायला लागलं तेव्हा गाव खरं मोठं झालं. मला ते पटत नाही. अशा गावाला ५० ते ७५ सीटचंच विमान शोभतं. ते भरतं, आणि भरतं म्हणून टिकतं. १८० सीटचं विमान चार महिने अर्धं रिकामं उडालं की कुठल्यातरी ऑफिसात कोणीतरी रेघ मारतो आणि संपलं. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही मुंबईवाले आम्हाला बारकंच द्या म्हणणार." यावर काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी सांबरा, म्हणजे बेळगावचा विमानतळ. बागलकोट रोडवर, शहरापासून दहाएक किलोमीटर. इंग्रजांनी १९४२ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, हा तळ बांधला. आज इथे नागरी विमानतळ आहे आणि हवाई दलाचं एअरमन ट्रेनिंग स्कूलही. माझा बेत असा की धावपट्टीच्या टोकाकडच्या शेतात उभं राहायचं आणि लँडिंग टिपायचं. कॅमेरा पिशवीतून निम्मा बाहेर आला असेल, तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. "आत ठेवा तो. हितं फोटो चालत न्हाई." गणवेश नव्हता, दम नव्हता. बांधावरच्या माणसाने पावण्याला विहीर दाखवावी तसं सांगितलं आणि गेला. चूक माझीच. हवाई दलाच्या तळाशेजारी लांब लेन्स काढणाऱ्याला दुसरं काय सांगणार? मुकाट्याने चहाच्या टपरीवर येऊन बसलो.

तिथे ते दोघं होते. काका पन्नाशीचे, पांढरा पायजमा, नवी कोरी चप्पल. मावशींच्या मांडीवर स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेला. परळीकडून आलेले. काकांनी विचारायच्या आधीच सांगितलं, "आमचं पोरगं पायलट झालंय. उद्या परेड हाये त्याची."

आता इथे मी नुसतं "अभिनंदन" म्हणायला हवं होतं. पण नाही. मी म्हणालो, "काका, इथे पायलट नाही होत. इथे एअरमन होतात." आणि सुटलोच. पायलट म्हणजे अधिकारी, त्यांची अकादमी हैदराबादजवळ दुंडिगलला. इथलं हे पायाभूत प्रशिक्षण, यानंतर ज्याचा जो ट्रेड असेल त्याप्रमाणे बंगळुरूचं जालहळ्ळी, चेन्नईजवळचं तांबरम. कोणी इंजिन बघतं, कोणी रेडिओ, कोणी शस्त्रं, कोणी हिशेब. चांगली पाच मिनिटं बोललो असेन. बोलताना माझं लक्ष आकाशाकडे होतं, कारण एक एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान, यायची वेळ झाली होती.

खाली बघितलं तेव्हा काकांचा चहा तसाच होता. वर साय धरली होती.

"म्या म्हणलं व्हतं ह्यांला," मावशी म्हणाल्या, "पोरगं फोनवर काय म्हणतंय ते नीट ऐका."

"गावात पेढे वाटलेत मी," काका म्हणाले. "पायलट म्हणून. सोसायटीत, शाळेत, समद्यांला."

टपरीवाला मध्ये पडला. "घ्या की वो चा, थंड व्हायलाय."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. माणूस पोराच्या परेडसाठी मराठवाड्यातून दोन गाड्या बदलून येतो आणि मी आदल्या दिवशी त्याला हवाई दलाची पदरचना शिकवतो! मग मला जे येतं तेच मी केलं, म्हणजे आणखी माहिती दिली. १८ डिसेंबर १९६१, गोव्याची लढाई. पुण्याहून कॅनबेरा विमानं उडाली, त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. आणि इथून, या सांबऱ्याहून, हंटर लढाऊ विमानं उडाली आणि त्यांनी बांबोळीचं वायरलेस स्टेशन गप्प केलं. (त्याच रात्री पोर्तुगीजांची दोन विमानं दाबोळीच्या त्या फुटक्या धावपट्टीवरून, अंधारात, कराचीला निसटली. वैमानिक शत्रूचा असला तरी याला माझा सलाम. हे काकांना मात्र सांगितलं नाही.)

"त्या हंटरमध्ये बसणारा एकटा," मी म्हणालो. "त्याच्या तोफांत गोळ्या कोणी भरल्या? इंधन, चाकं, ब्रेक कोणी बघितलं? जमिनीवरच्या पोरांनी. हवाई दलात प्रत्येक विमानाची एक वही असते, फॉर्म ७०० म्हणतात तिला. विमान नीट आहे म्हणून आधी त्यात या पोरांनी सह्या करायच्या. मग पायलटने सही करायची. तोवर विमान हलत नाही."

काकांनी कप खाली ठेवला. "आधी ह्याची सही?"

"आधी याची."

"आन ह्यानं सही न्हाई केली तर?"

"तर पायलट उभा राहणार. ग्रुप कॅप्टन असला तरी."

काका बराच वेळ रस्त्याकडे बघत होते. मग मावशींकडे वळून म्हणाले, "मग पेढे बरोबरच वाटले की."

एवढ्यात एटीआर आली. डोक्यावरून, चाकं सोडलेली, सहा-सहा पात्यांचे दोन पंखे गरगरत. एरवी मी अशा वेळी उभा राहतो. त्या दिवशी बसूनच बघितली. मावशींनी कानावर पदर घेतला. काकांनी मान वळवत तिला पार भिंतीपलीकडे जाईपर्यंत सोडलं नाही, आणि मग अगदी खात्याच्या माणसाने विचारावं तसं विचारलं, "हिला बी सही लागती का?"

"लागते."

"हां."

डब्यात करंज्या होत्या. पोराला आत नेऊ देतील की नाही याची मावशींना धास्ती होती, म्हणून त्यांनी चार वर्तमानपत्रात बांधून मला दिल्या. नको म्हणायची सोय नव्हती. टपरीवाल्याने माझ्या चहाचेही पैसे घेतले नाहीत. काकांनी आधीच दिले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सांबरा टर्मिनल. बेळगावचं टर्मिनल मला आवडतं, कारण रिक्षातून उतरून विमानाच्या पायरीपर्यंत चालत जाता येतं आणि वाटेत अत्तराची दुकानं लागत नाहीत. सिक्युरिटीच्या जवानाने पुडकं उघडायला लावलं. "क्या है?" करंजीला हिंदीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. त्याने वास घेतला, हसला, "गुजिया," म्हणाला आणि सोडलं.

सीट डावीकडची, एकटी. छत इतकं खाली की हवाई सुंदरीही मान किंचित तिरपी करूनच चालत होती. इंजिनं मागे असल्यामुळे पुढे बसलेल्याला सुरू झाल्याचा आवाजही धड येत नाही, फक्त एक थरथर तळव्यांना जाणवते. बाहेर कानांवर मोठाले ठोकळे लावलेला एक पोरगा विमानाच्या नाकासमोर उभा होता. त्याने लाल फीत लावलेली पिन वर धरून दाखवली, मग अंगठा दाखवला. मी खिडकीतून हात हलवला. तो अर्थात कॉकपिटकडे बघत होता.

मुंबईवर पाऊण तास घिरट्या घातल्या. तिसरी करंजी तेव्हा संपली.