उभ्या गाडीचा कार्बोरेटर टपकतोय? आधी कुठून ते बघा

खूप दिवस नुसती उभी असलेली गाडी चालू करायची म्हणून टाकीत ताजं पेट्रोल टाकलं, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला आणि थोड्या वेळात इंजिनखाली तळं, हा प्रकार इतका कॉमन आहे की उभ्या गाडीत पेट्रोल टाकायच्या आधीच मी खाली ट्रे सरकवून ठेवतो. यावर लगेच मिळणारा सल्ला म्हणजे कार्बोरेटरच (इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) नवीन टाक. अरे पण कशाला? दोन-चार रबरं आणि एक सुई एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागतं, फक्त गळतंय कुठून हे नीट शोधायचा कंटाळा करायचा नाही.

आणि इथेच फसगत होते. पेट्रोल पातळ, वरून कुठूनही निघालं तरी बॉडीवरून ओघळत सगळ्यात खालच्या जागी येतं आणि तिथून थेंब पडतो. ती जागा म्हणजे बऱ्याचदा बाऊलचा, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाला असलेल्या पेट्रोलच्या वाटीचा, ड्रेन स्क्रू (पेट्रोल काढून टाकायचा), त्यामुळे तो बिचारा फुकट बदनाम होतो, लोक तो आवळत बसतात, पितळी असेल तर त्याचे आटेही घालवतात आणि गळती जशीच्या तशी. म्हणून आधी कार्बोरेटर बाहेरून फडक्याने खडखडीत कोरडा करायचा, मग कॉक उघडून मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघत बसायचं. टिश्यू पेपरचा छोटा तुकडा एकेका जोडावर टेकवून बघा, पहिला कुठला ओला होतो ते कळतं. (इंजिन गार पाहिजे हे सांगायला नकोच, सायलेन्सर तापलेला असताना हे उद्योग करू नका. जागा मोकळी हवी, आसपास ज्योत किंवा ठिणगी नको, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरून लांब जाते.)

वरच्या पाईपच्या जोडावर ओलं झालं तर सुटलात, पाईप कडक झालाय, नवीन पाईप आणि क्लिप टाका. बाऊल आणि बॉडीच्या मधल्या रेषेवर आलं तर बाऊलचं गॅस्केट (जोडातलं सील) गेलंय. आणि ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या, नळीतून धार लागली असेल, म्हणजे आपल्या भाषेत कार्ब ओव्हर होत असेल, तर मामला आतला आहे.

आत काय असतं तर आपल्या छतावरच्या टाकीतला बॉलकॉकच. बाऊलमध्ये पेट्रोल भरत आलं की फ्लोट (तरंगणारा भाग) वर उचलला जातो, तो एका सुईला वर ढकलतो आणि सुईचं रबरी टोक सीटच्या (सुईच्या बैठकीच्या) भोकात बसून पेट्रोल थांबतं. गाडी उभी राहिली की बाऊलमधल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे तो चिकट पिवळा-तपकिरी राळेसारखा थर राहतो, वास तर विचारूच नका, जुन्या वॉर्निशसारखा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर ते हवेतलं पाणीही ओढतं, मग अॅल्युमिनियमवर पांढरी पावडर धरते, पितळेवर हिरवट. तो थर सुईवर, सीटवर, फ्लोटच्या पिनवर सगळीकडे बसतो. शिवाय इतकी वर्षं पेट्रोलमध्ये भिजून फुगलेलं रबर पेट्रोल उडून गेल्यावर सुकतं, आकसतं, कडक होतं. काल-परवापर्यंत न गळणारा कार्ब ताजं पेट्रोल टाकल्यावरच का गळायला लागला याचं उत्तर हेच, आधी गळायला आत काही नव्हतंच.

उघडायच्या आधी एक फुकटचा उपाय करून बघा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने बाऊलवर हलकेच टकटक करायची. सुई नुसती चिकटली असेल किंवा कचऱ्याचा कण अडकला असेल तर कधी कधी तेवढ्यावर गळती थांबते. पण थांबली म्हणून खूश होऊ नका, आत कचरा आहे हे तर कळलं ना, उघडावं लागणारच.

उघडताना कॉक बंद, पाईप काढलेला, बॅटरीची निगेटिव्ह सुटी. जपानी कार्ब असेल तर त्याचे स्क्रू फुलीचे दिसतात पण ते साधे फिलिप्स नसतात, जेआयएस (जपानी मापाचे) असतात, साधा ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही आणि डोकं खातो. योग्य टिप घ्या, आधी एक ठोका द्या, मग फिरवा. बाऊल निघाला की फ्लोटची पिन. ही पिन ज्या दोन खुंट्यांत असते त्या बॉडीच्याच ओतकामातल्या, जोर लावला की कटकन तुटतात, आणि खुंटी तुटली की मग खरंच नवीन कार्ब. अडकली असेल तर कार्ब क्लीनर मारून ठेवा, चहा प्या, परत या, मग खुंटीला मागून आधार देऊन बारीक पंचने ढकला.

आता सुई हातात घेऊन उजेडात टोक बघा. टोकाच्या उतारावर गोल रेघ पडलेली दिसली, नखाला जाणवली, तर सुई संपली. तिच्या मागच्या टोकाची बारीक स्प्रिंगवाली पिन दाबून सोडा, टुणकन वर आली पाहिजे. सीट पितळेची असेल तर इअरबडला थोडं मेटल पॉलिश लावून गोल फिरवा, आतली कड चमकेपर्यंत, मग क्लीनरने धुऊन टाका. सँडपेपर नको, ओरखडा पडला की तिथून कायमचं झिरपणार.

नवीन सुई टाकूनही ओव्हर होतंय अशी रड बरेच जण रडतात, तिथे दोन जागा बघायच्या राहिलेल्या असतात. एक, सीट जर दाबून बसवलेली असेल तर तिच्याभोवती बऱ्याचदा एक छोटा रबरी ओ-रिंग असतो, तो कडक झाला की पेट्रोल सुईतून न जाता सीटच्या बाहेरून बाऊलमध्ये उतरतं, मग सुई सोन्याची टाका नाहीतर चांदीची. दुसरी, बाऊलमधली ती उभी पितळी ओव्हरफ्लो नळी. तिला बारीक उभी चीर गेली असेल तर पातळी बरोबर असूनही पेट्रोल खाली जातं. चेक करायला बाऊल सुटा धरून नळीच्या टोकाच्या जरा खालपर्यंत पेट्रोल भरा आणि खाली कोरडा कागद ठेवा, कागद ओला झाला की चोर सापडला.

फ्लोट पितळी असेल तर कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे, तो जड होऊन बुडतो आणि सुई बंदच करत नाही. नुसता संशय असेल तर गरम पाण्यात (शेगडीपासून लांब आणलेल्या) बुडवा, भोकातून बुडबुडे येतात. डाग देण्याच्या (सोल्डर करण्याच्या) भानगडीत पडू नका, आत पेट्रोलची वाफ असते, सरळ बदला.

रिपेअर किटबद्दल माझं मत जरा कडक आहे. किटातली रबरं आणि सुई घ्या, पण जुने जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकं असलेले पितळी तुकडे) चांगले असतील तर तेच साफ करून परत लावा, स्वस्त किटातल्या जेटवरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. क्लीनर मारताना सगळी रबरं काढलेली पाहिजेत नाहीतर फुगून त्यांचा चोथा होतो. आणि बाऊलच्या गॅस्केटऐवजी साधं सिलिकॉन चोपडणारे जे महाभाग आहेत त्यांना काय म्हणावं, ते पेट्रोलमध्ये फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे थेट जेटमध्ये जाऊन बसतात.

जोडून झाल्यावर गाडीवर चढवायच्या आधी सुईची टेस्ट घ्या. कार्ब उलटा धरला की फ्लोटच्या वजनाने सुई बंद होते, तेव्हा स्वच्छ नळी लावून पेट्रोल आत येतं त्या तोंडातून हलकं फुंकायचं, हवा जाता कामा नये, सरळ केला की गेली पाहिजे. कॉम्प्रेसरची हवा इथे मारू नका. फ्लोटची उंची मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने बघा, पण मापताना कार्ब थोडा तिरका धरा, फ्लोटची पट्टी सुईच्या पिनला नुसती टेकली पाहिजे, स्प्रिंग दबली की माप चुकलं. बाऊलला ड्रेनचं तोंड असेल तर तिथे पारदर्शक नळी लावून वर वळवा आणि ड्रेन स्क्रू सैल करा, आतली पातळी नळीत समोर दिसते.

आता कॉक. कॉक ऑफ असतानाही पेट्रोल खाली उतरतंय का, हा प्रश्न स्वतःला विचारा. ऑफवर पाईप काढून बाटलीत सोडून ठेवा, थेंब पडला तर कॉकचं रबरही गेलंय. व्हॅक्यूमचा (इंजिनाच्या ओढीने उघडणारा) कॉक असेल तर त्याचा पडदा फाटून पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीतून थेट इंजिनात जाऊ शकतं. कॉक आणि सुई दोन्ही गेले असतील आणि पेट्रोलला बाहेर पडायला वाट नसेल, तर ते सिलिंडरमध्ये आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑईलमध्ये जातं. म्हणून स्टार्टर मारायच्या आधी ऑईलची लेव्हल बघाच. लेव्हल वाढलेली, ऑईल पातळ आणि पेट्रोलचा वास असेल तर ऑईल बदलल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. सिलिंडर भरल्याची शंका असेल तर प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, हाताने किंवा किकने सावकाश फिरवून पेट्रोल बाहेर काढा, कारण द्रव दाबला जात नाही, स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकू शकतो.

आणि टाकीत टॉर्च मारून बघा. आतून गंज दिसत असेल तर टाकी साफ करून मगच पाईपमध्ये फिल्टर टाका, नाहीतर गंजाचा एक कण त्या नव्या सुईखाली जाऊन बसतो आणि परत तोच बाऊल उघडा.