आईचं रक्त कशामुळे कमी झालं, हे शोधताना

वृद्धाश्रमातल्या आईच्या फाईलमध्ये हिमोग्लोबिनचा आकडा ९.१ होता. पुढे लोहाची गोळी लिहिलेली होती, सकाळ-संध्याकाळ. कारणाच्या जागी काहीच नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, ‘वय झालं की होतंच.’

आई ८४ वर्षांची. कितीतरी महिने ती गळून गेल्यासारखी असायची. जेवणाच्या हॉलकडे जाताना भिंतीवरचा कठडा धरून थांबायची, वाचता वाचता डोळा लागायचा, एकदा बाथरूममधून येताना तोल जाऊन पडली. वृद्धाश्रमात हे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण तिथे सगळेच हळू चालतात आणि सगळेच दुपारी पेंगतात. रक्तक्षय तिथे सहज लपून राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ पासून धरलेली हिमोग्लोबिनची किमान मर्यादा बायकांसाठी १२ आणि पुरुषांसाठी १३ ग्रॅम (दर १०० मिलीलिटर रक्तात) अशी आहे, आणि म्हातारपणासाठी तिच्यात वेगळी सूट नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात घरी राहणाऱ्या ज्येष्ठांपैकी साधारण १२ टक्क्यांना रक्तक्षय आढळला, तर शुश्रूषागृहांत राहणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना. जवळजवळ निम्मे! अशा ठिकाणी राहायला येणारी माणसं मुळातच जास्त आजारी असतात, हे खरं. पण आजार आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण आहे तर ते शोधता येतं. माझा सगळा आग्रह एवढाच होता.

पहिलं काम म्हणजे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले. दोन वर्षांपूर्वी १२.४, मग ११.६, मग १०.३, आणि आता ९.१. प्रत्येक रिपोर्ट एकटा पाहिला तर ‘थोडं कमी’ एवढंच दिसतं. चारही शेजारी ठेवले की उतार दिसतो. तो कागद आणि चालू औषधांची यादी घेऊन आम्ही वृद्धांचे आजार पाहणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी रिपोर्टकडे बघायच्या आधी आईची खालची पापणी ओढून पाहिली आणि मलाही पाहायला सांगितली. आतला भाग जवळजवळ पांढरा होता. मग त्यांनी खुर्ची आईच्या बाजूला वळवली आणि पुढचे सगळे प्रश्न तिलाच विचारले. हे मला फार मोलाचं वाटलं. तोवर प्रत्येक जण आईबद्दल माझ्याशी बोलत होता.

एक प्रश्न असा होता की त्याचं उत्तर ना तिच्याकडे होतं ना माझ्याकडे: शौच कधी काळ्या रंगाची झाली होती का, तीही लोहाची गोळी सुरू होण्याआधी? लोहाने शौचाचा रंग काळपट होतोच, म्हणून ‘आधी’ महत्त्वाचं. पोटात रक्तस्राव असेल तर ती डांबरासारखी चिकट होते आणि तिला वेगळाच उग्र वास येतो. परत आल्यावर मी आईची अंघोळ-पांघोळ करणाऱ्या मावशींना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, ‘हो ताई, गोळी सुरू व्हायच्या आधी झाली होती, दोन-तीनदा. धुताना निघत नव्हती.’ सगळ्यात उपयोगी माहिती त्यांच्याकडे होती आणि फाईलमध्ये तिचा मागमूस नव्हता. रोज माणसाला हात लावणाऱ्याला विचारायचं, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

रक्ताच्या तपासण्या आल्या तेव्हा पहिल्या नजरेला सगळं ठीक वाटलं. पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ८८. तोही ठीक. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ५२, प्रयोगशाळेच्या हिशेबाने तेही ठीक. डॉक्टरांनी दोन्ही आकडे सोडवून दाखवले. लोह कमी पडलं की लाल पेशी लहान होतात, बी-१२ कमी पडलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असेल तर सरासरी मधोमध येते आणि रिपोर्ट निर्दोष दिसतो. आकारातली तफावत दाखवणारा आरडीडब्ल्यू मात्र वाढलेला होता. फेरिटिनचंही तसंच. शरीरात कुठे सूज किंवा दाह असेल तर ते आपोआप वर जातं, आणि आईचं सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारा आकडा, वाढलेलं होतं. अशा वेळी ५२ म्हणजे लोहाचा साठा भरलेला आहे असं नाही. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलंय ते, ९ टक्के होतं, २० च्या खूपच खाली. बी-१२ सुद्धा कमी निघालं. मूत्रपिंडाचं काम थोडं मंदावलेलं होतं. लाल पेशी बनवायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडातच तयार होतं, म्हणजे थोडा वाटा त्याचाही.

मग औषधांची यादी. गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं चाललेली वेदनाशामक गोळी. मधुमेहाचं मेटफॉर्मिन, ज्याने दीर्घकाळात बी-१२ कमी होऊ शकतं. आणि ‘हृदयासाठी चांगली’ म्हणून कधीतरी सुरू झालेली ॲस्पिरिनची छोटी गोळी, जरी आईला हृदयविकार किंवा पक्षाघात कधीच झालेला नाही. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ ज्येष्ठांवर झालेल्या ॲस्प्री या अभ्यासाचं २०२३ मध्ये आलेलं विश्लेषण त्यांनी सांगितलं: रोज कमी मात्रेत ॲस्पिरिन घेणाऱ्यांत रक्तक्षयाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी जास्त होता. आईची ॲस्पिरिन आणि वेदनाशामक दोन्ही डॉक्टरांनी बंद केली. (ज्यांना झटका येऊन गेलाय किंवा स्टेंट बसवलाय, त्यांनी हे वाचून आपल्या मनाने ॲस्पिरिन थांबवू नये. त्यांचं गणित वेगळं आहे.)

सगळ्यात अवघड गोष्ट होती, रक्तस्राव कुठून होतो ते पाहायची दुर्बिणीची तपासणी. डॉक्टर स्पष्ट बोलले. ‘आजी, मोठ्या आतड्यात गाठ सापडली तर ऑपरेशन करून घ्याल का? आधी त्याचा विचार करा, मग तपासणीचं ठरवा.’ आईने दोन दिवस मागितले. मग म्हणाली, ‘घशातून घाला, चालेल. आतड्याची नको. ते जुलाबाचं औषध पिऊन मी अंथरुणातून उठायची नाही.’ माझ्या भावाला हे पटलं नाही, फोनवर बराच वाद झाला. पण बुद्धी शाबूत असलेल्या माणसाचा निर्णय त्याचाच असतो, यावर मी ठाम होते. जठराच्या दुर्बिणीत लहान लहान व्रण दिसले. काळ्या शौचाचा आणि वेदनाशामक गोळीचा धागा जुळला.

उपचार सोपे, अंमलबजावणी कठीण. आश्रमात सकाळी एका इवल्याशा प्लास्टिकच्या कपात सगळ्या गोळ्या एकत्र यायच्या: थायरॉईडची, कॅल्शियमची, लोहाची, आणि सोबत चहा. कॅल्शियम आणि चहा लोहाला नीट शोषू देत नाहीत, आणि लोह थायरॉईडच्या गोळीला. दोघींत चार तासांचं अंतर हवं. शिवाय दिवसातून दोनदा लोह घेऊन आईला भयंकर बद्धकोष्ठ झालं होतं. ८० च्या पुढच्या रुग्णांवरच्या २००५ मधल्या एका अभ्यासात रोज १५ मिलिग्रॅम लोहाने १५० मिलिग्रॅमइतकाच फायदा झाला, तोही बऱ्याच कमी त्रासात. डॉक्टरांनी एक गोळी, दिवसाआड, दुपारी, असं लिहून दिलं. ‘दिवसाआड’ मात्र पाळ्या बदलणाऱ्या सिस्टरना जमेना. कुणी दिली, कुणी नाही, याचा घोळ व्हायचा. शेवटी सोमवार, बुधवार, शुक्रवार असं ठरवून तक्त्यावर लाल पेनाने लिहिलं, तेव्हा घडी बसली. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. व्रणांसाठी ॲसिड कमी करणारी गोळी ठरावीक मुदतीपुरती दिली, कारण ती वर्षानुवर्षं चालली तर लोह आणि बी-१२ दोन्हींच्या शोषणात अडथळा येतो.

महिन्याने हिमोग्लोबिन १०.२ झालं, पुढे ११.४ वर येऊन थांबलं. १२ झालं नाही. मूत्रपिंडाचा वाटा आहे तोवर बहुधा होणारही नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण आई हॉलपर्यंत न थांबता जाते आणि दुपारचं वर्तमानपत्र पूर्ण वाचते. गुडघे मात्र दुखतात. त्यासाठी आता लावायचं मलम आणि पॅरासिटामॉल एवढंच आहे, आणि ते पुरत नाही. वाईट वाटतं, पण त्यावर दुसरा मार्ग अजून सापडलेला नाही.

लोहाचा साठा भरेपर्यंत गोळी आणखी तीन महिने चालेल. मेटफॉर्मिन आहे तोवर बी-१२ वर लक्ष ठेवावं लागेल. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि आकडा जुन्या आकड्यांखालीच लिहायचा, असं सिस्टरनी मान्य केलंय. गोळी चालू असतानाही तो पुन्हा घसरला, तर आतड्याच्या दुर्बिणीचा प्रश्न परत समोर येईल. आईला हे माहीत आहे. तेव्हा काय ते मीच सांगेन, असं तिने भावाला आणि मला बजावून ठेवलंय.