तुम्ही विचारलंत म्हणून: काकूची मेस माझ्या हिशेबाने बंद पडली का?

लग्नात, मुंजीत, अगदी लक्ष्मी रोडवर पिशव्या सांभाळत उभी असतानाही मला हा प्रश्न येतो. "तू कॉलेजसाठी काकूच्या मेसचा हिशेब मांडलास आणि त्यावरूनच मेस बंद केली ना?" नातेवाईक विचारतात, जुने मेंबर विचारतात. काकूकडे चार वर्षं जेवून पुढे सरकारी नोकरीत लागलेल्या एकाने तर सरळ सांगितलं, "ताई, तुमच्या त्या कागदाने आमचं पुण्यातलं घर गेलं." मी दर वेळी "तसं नाही हो" म्हणून विषय बदलला. आता एकदा नीट सांगते. ज्यांना फक्त हो किंवा नाही ऐकायचंय त्यांचं समाधान होणार नाही, कारण माझंही झालेलं नाही.

मी तेव्हा एस.वाय.बी.कॉम.ला होते. कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटिंग, म्हणजे एखादी वस्तू किंवा सेवा नेमकी केवढ्याला पडते ते मांडण्याचं शास्त्र, हा विशेष विषय. प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी एका चालू व्यवसायाचा खर्च मांडायचा होता. वर्गातल्या बहुतेकांनी भोसरी-चाकणमधल्या कुणाच्या तरी ओळखीच्या कारखान्याचे आकडे मिळवले. मला काकूची मेस घ्यायची होती. मी तिच्याच घरी राहत होते, तिच्याच हातचं जेवत होते, आणि कॉस्टिंग म्हणजे लेथ मशीन आणि फोरमन एवढंच, हे मला पटत नव्हतं.

दिवाळी २०२१ चा सुमार. मार्च २०२० मध्ये पेठांमधली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं गावी गेली, तेव्हा काकूचे साठ मेंबर होते. त्यानंतर परीक्षा सारख्या पुढे जात राहिल्या. मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली असताना पुढे ढकलली आणि मुलं रस्त्यावर उतरली, ते तुमच्या लक्षात असेल. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच होता की मुलं परत यायची आणि पुन्हा निघून जायची. मी वही घेऊन बसले तेव्हा मेंबर होते चौतीस.

आकडे सांगते, कारण आकडे न सांगताच सगळे बोलतात. महिन्याला २,८०० रुपये, दोन्ही वेळ, रविवारी संध्याकाळी बंद. म्हणजे छप्पन जेवणं, एका जेवणाचे ५० रुपये. शिधा, भाजी, तेल मिळून ताटामागे २६ रुपये. पोळ्या करणाऱ्या मावशी पोळीवर पैसे घ्यायच्या, पोळीला २ रुपये, म्हणजे चार पोळ्यांचे ८. गॅस ३ रुपये. (१ नोव्हेंबरला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर एकदम २६६ रुपयांनी महागला होता, म्हणून तो रकाना मी पुसून पुन्हा लिहिला.) एकूण ३७. एका जेवणामागे उरले १३, एका मेंबरामागे महिन्याला ७२८. यालाच कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. वरकामाचा मदतनीस, भांडी घासणाऱ्या ताई, वीज, पाणी आणि किरकोळ मिळून महिन्याला १४,५६०. हा स्थिर खर्च, साठ मेंबर असोत की चौतीस, बदलत नव्हता. खाडे मी वेगळे मांडले होते, ते इथे सोडते. मॅडमनी वर्गात जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभाराची गोष्ट सांगितली होती. १७७२ च्या मंदीत त्याने आपल्या भांड्यांचा खर्च स्वतः मांडला, तेव्हा त्याला कळलं की माल कमी निघो की जास्त, काही खर्च घड्याळासारखे चालतच राहतात. ती गोष्ट मी तेव्हा परीक्षेपुरती लिहून घेतली होती. मदतनिसाचा पगार देताना काकू पाकीट दोनदा मोजायची, ते बघितल्यावर ती खरी समजली.

१४,५६० भागिले ७२८ बरोबर वीस. वीस मेंबर झाले की मेस ना नफा ना तोटा. चौतीस मेंबरांवर महिन्याला १०,१९२ रुपये सुटत होते. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. काकूला हे वहीशिवाय माहीत होतं.

पुढचा भाग मी घातला. काकू पहाटे पाचला उठायची आणि रात्री अकराला ओटा पुसायची. बाजार, फोडण्या, वसुली, कुणाचं पोट बिघडलं तर मऊ भात, सगळं तिचं. कॉस्ट शीटमध्ये तिच्या नावाने एकही ओळ नव्हती, कारण तिला पगार नव्हता. दोन मोठ्या मेसमध्ये मी चौकशी केली की स्वयंपाकघर सांभाळून बाजार आणि हिशेबही बघणाऱ्या माणसाला काय द्याल. दोघांनीही १८,००० च्या आसपास सांगितलं. तो आकडा मी नोशनल कॉस्ट म्हणून लिहिला, म्हणजे प्रत्यक्ष दिला न गेलेला पण मोल असलेला खर्च. आणि जेवणाचा हॉल घरचाच असला तरी तसाच हॉल आमच्या गल्लीत एका अभ्यासिकेला १५,००० नी गेला होता, म्हणून तेही धरले. स्थिर खर्च झाला ४७,५६०. आता ना नफा ना तोटा होण्यासाठी लागत होते सहासष्ट मेंबर. मेस ऐन भरात असतानाही सहासष्ट नव्हते.

मला तो आकडा मोठा यावा असं वाटत होतं, हे मी नाकारत नाही. काकूचं काम एकदा तरी कुठेतरी लिहिलं जावं, रुपयांत लिहिलं जावं, एवढीच माझी इच्छा होती.

त्या रविवारी फीस्ट होती. श्रीखंड, बटाट्याची भाजी, मसालेभात. मेंबर गेले, हॉल पुसून झाला. मी टेबलावर जर्नल पसरून बसले होते. काकूचा मुलगा, आमचा दादा, बाणेरहून आलेला. त्याने सहज म्हणून पान ओढलं आणि शेवटची ओळ वाचली.

"सहासष्ट? आणि आपल्याकडे आहेत चौतीस?"

काकांनी चष्मा लावला. दादाने मोबाइलवर वजाबाकी केली आणि मोठ्याने सांगितली: महिन्याला २२,८०८ रुपये तोटा. काकू पदराला हात पुसत आली. तिने सहासष्ट बघितले नाहीत, तोटाही बघितला नाही. तिचं बोट वर सरकलं आणि 'मालकाच्या श्रमाचं मूल्य' या ओळीवर थांबलं.

"ही मी का गं?"

मी म्हटलं, हो.

"अठरा हजार?" ती माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, पोचलं. "म्हणजे मला ठेवायचं तर एवढे मोजावे लागले असते?"

मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "म्हणजे बघ आई, तू दर महिन्याला घरचं बावीस-तेवीस हजारांचं नुकसान करतेयस."

तो वाईट मुलगा नाही. आईचे गुडघे गेलेत, तिने आता बसावं, असं त्याला मनापासून वाटत होतं आणि तो हे बरीच वर्षं बोलतही होता. पण त्या दिवशी त्याच्या हातात कागद होता, आणि कागदावर माझं अक्षर होतं. जी ओळ मी तिचं मोल दिसावं म्हणून लिहिली, ती त्याने तिच्यावर उधारी म्हणून वाचली. काकूचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांत नव्हतं. ती म्हणाली, "मग इतकी वर्षं मी काय करत होते?" हे तिने दादाला विचारलं नाही. मला विचारलं.

मी म्हटलं, "दादा, पान उलट. मागे आहे पुढचं." तो म्हणाला, "मुख्य ते कळलं." काका म्हणाले, "तिचा अभ्यास आहे तो, तिला करू दे." काकू उठली आणि सोमवारची मटकी भिजत घालायला गेली.

मागच्या पानावर काय होतं ते आजवर कुणी विचारलेलं नाही, म्हणून सांगते. जॉन मॉरिस क्लार्क या अर्थतज्ज्ञाने १९२३ मध्ये मांडलेला मुद्दा आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवला होता: वेगवेगळ्या कारणांसाठी वेगवेगळी कॉस्ट. मेस बंद करायची का, हा प्रश्न असेल तर बंद केल्यावर जे बदलेल तेवढंच धरायचं. मदतनिसाचा पगार वाचेल, तो धरायचा. हॉल भाड्याने जाईल, ते भाडं धरायचं. पण काकूला उद्यापासून कुणी अठरा हजारांची नोकरी देणार होतं का? अठ्ठावन्नाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांवर? नाही. म्हणून मागच्या पानावर ते अठरा हजार मी काढून टाकले होते. उरलं ते असं: मेस चालू ठेवली तर १०,१९२, हॉल भाड्याने दिला तर १५,०००. फरक ४,८०८ रुपये, बावीस हजार नव्हे. आणि मेंबर एक्केचाळीस झाले की पारडं पुन्हा मेसकडे झुकणार होतं. चौतीसचे एक्केचाळीस होतील का, एवढाच खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर कुठल्याही कॉस्ट शीटमध्ये नसतं. ते परीक्षांच्या तारखांमध्ये होतं.

म्हणून कुणी मला म्हणतं की काकूचा पगार धरलास म्हणून मेस बुडाली, तेव्हा माझा संताप होतो. पगार न धरताही चौतीस मेंबरांवर भाडं जास्तच होतं. मेस हॉलच्या त्या भाड्याने बंद पाडली. आमच्या पेठेतल्या किती मेस आणि किती किराणा दुकानं अशीच अभ्यासिका झाली ते तुम्हीच बघा.

पण एवढं म्हणून मी सुटत नाही. दोन्ही पानं बरोबर होती तर काकूच्या ओळीचं काय, हे एकोणीस वर्षांची मी अजून माझ्याशी भांडत असते. तिचं म्हणणं: सरकार शेतमालाचा उत्पादनखर्च काढतं, तेव्हा 'ए२ अधिक एफएल' मध्ये घरच्या माणसांच्या बिनपगारी कामाची मजुरी धरतं आणि 'सी२' मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंडही धरतं. शेतकऱ्याच्या घरच्यांना जो न्याय, तो काकूला का नाही? मी तिला सांगते, अगं, कॉस्ट अकाउंटंट ज्या स्टँडर्डवर चालतात त्यात कर्मचारी खर्चामध्ये काल्पनिक रक्कम धरायची नसते; आणि शेतीत ती मजुरी धरतात ती हमीभाव ठरवायचा असतो म्हणून. काकूला कोण भाव वाढवून देणार होतं? २,८०० चे ३,००० केले तर मुलं पुढच्या गल्लीत गेली असती. ती म्हणते, मग काकूच्या नावापुढे शून्य लिहायचं का? इथे मी गप्प होते. शून्य लिहिलं असतं तर त्या रविवारी काकूला लागलं नसतं. पण शून्य खरं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती दोन्ही पानांवर नव्हती. मेसचे दहा हजार काकूच्या हातात यायचे. फ्लॅट काकांच्या नावावर आहे, म्हणून भाड्याचे पंधरा हजार काकांच्या खात्यात येतात. काका देतात तिला, मागितलं की लगेच देतात. पण मागावं लागतं. अभ्यासक्रमात आम्ही व्यवसाय हा एक धरतो, घर हे एक धरतो, आणि आतले पैसे कुणाच्या मुठीत जातात ते विचारत नाही. १०,१९२ पेक्षा १५,००० मोठे, हे गणित कुणाचंही बरोबर येईल. काकूसाठी ते मोठे होते का, हे मला आजही सांगता येत नाही.

२०२२ च्या सुरुवातीला मेस बंद झाली. पुढच्या जून-जुलैपर्यंत पेठा पुन्हा भरल्या, एक्केचाळीस काय, साठही आले असते. दादा म्हणतो, आले असते आणि आईचा गुडघा पूर्ण गेला असता. तेही खरं असेल. तिचं ऑपरेशन टळलेलं नाही, फक्त पुढे गेलंय.

मला ज्युनिअर मुली विचारतात, कॉस्टिंग स्पेशल घेऊ का? घ्या. फॉरमॅट पाठ करून मार्क मिळतात, पण ज्याचा हिशेब मांडताय त्या माणसाशेजारी बसून एकदा मांडा. आणि दुसरं पान असेल तर ते पहिल्याला स्टेपल करा.

मागच्या गणपतीत काकूने उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या. दर काढायला तिने मलाच बोलावलं. तांदळाची पिठी, नारळ, गूळ, तूप, गॅस, डबे असं मांडत आले आणि थांबले.

"काकू, तुझी मजुरी धरू?"

"धर," ती म्हणाली. "आणि पैसे माझ्या खात्यावर मागायचे, तेवढं ऑर्डरच्या मेसेजमध्ये लिही."

मजुरी धरून मोदक तीस रुपयांना बसत होता. ती म्हणाली, पेठेत पंचवीसच्या वर कुणी देणार नाही. आम्ही त्यावर बराच वेळ वाद घातला आणि शेवटी अठ्ठावीस लावला.