तुम्ही विचारलंत म्हणून: सिव्हिलची पोरगी काळ्या पडद्यावर काय करते

हा प्रश्न मला तीन सुरांत येतो. रूममेट विचारते, "ए, विंडोज सोडून हे काय चालवत असतेस?" मामा विचारतात, "अगं, सिव्हिलला गेलीस ना? मग हे कॉम्प्युटरवाल्यांचं खूळ कशाला?" आणि फर्स्ट इयरची पोरं विचारतात, "ताई, लिनक्स टाकू का? आणि सी शिकू की पायथन?" (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम; सी आणि पायथन या प्रोग्राम लिहायच्या भाषा.) दर वेळी मी तोंडाला येईल ते सांगून मोकळी होते. म्हणून आज एकदा नीट बसून.

आधी कबुली देते. लिनक्सकडे मी कुठल्याही तत्त्वासाठी गेले नाही. दादाचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आला तो ४ जीबी रॅम, गोल फिरणारी हार्ड डिस्क आणि उजवीकडची बिजागरी तुटलेली, अशा अवस्थेत. बटण दाबायचं, चहा ठेवायचा, चहा गाळायचा, तरी हा आपला गरगर करतोय. नवा घ्यायला पैसे नव्हते. व्हिडिओ बघून बघून लिनक्स मिंटचा (लिनक्सचा एक प्रकार) पेन ड्राइव्ह बनवला आणि टाकून दिलं. टाकताना "संपूर्ण डिस्क पुसायची का?" असं त्याने स्वच्छ विचारलं होतं. मीही स्वच्छपणे हो म्हटलं. दादाच्या लग्नाचे फोटो त्यातच होते. अल्बम छापून घेतला होता म्हणून वाचले; वहिनी अजून विषय काढते.

नंतर दोन दिवस वायफाय नाही. शेवटी मोबाइल केबलने जोडला, त्याचं नेट लॅपटॉपला दिलं आणि ड्रायव्हर उतरवला. हे सांगते, कारण लिनक्सवाले हा भाग गाळून सांगतात.

मग लॅपटॉप पळायला लागला का? थोडा. खरा पळाला तो पुढच्या दिवाळीत, एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क बसवल्यावर. त्यामुळे "माझा लॅपटॉप स्लो आहे, लिनक्स टाकू का?" या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी एसएसडी टाक, जमलं तर रॅम ८ कर, आणि मग विचार. निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच मिटतो. उरलेल्यांपैकी काहींची अडचण वेगळी असते. विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची सोय) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. धडधाकट मशीन, पण त्या यादीत बसत नाही, असं असेल तर खुशाल लिनक्स टाका. फोटो आधी दुसरीकडे काढून ठेवा.

आणि सिव्हिलच्या पोरांनो, ऑटोकॅड लिनक्सवर मिळत नाही. जुगाड करून काहीतरी चालवता येतं म्हणणारे भेटतील. सबमिशनच्या आदल्या रात्री त्यांना फोन लावून बघा. मी ड्रॉइंग कॉलेजच्या लॅबमध्येच करते. रिपोर्टही लिब्रेऑफिसमध्ये लिहिला आणि लॅबच्या वर्डमध्ये उघडला की टेबलं सरकतात, म्हणून देताना पीडीएफच देते. नुसती फुकटची, चांगली, उघडी (ज्यांचा कोड कुणालाही बघता येतो अशी) सॉफ्टवेअरं हवी असतील तर विंडोज सोडायचीही गरज नाही. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर तर तुमच्याकडे असेलच. ते पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या १९९६च्या प्रोजेक्टमधून आलेलं आहे, आणि त्याचा तो नारिंगी शंकू म्हणजे तिथल्या पोरांनी रस्त्यावरून गोळा करून आणलेले ट्रॅफिकचे कोन. हॉस्टेल इथून तिथून सारखंच.

खुद्द लिनक्सही तसंच. लिनस टोरवाल्ड्स ऑगस्ट १९९१मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता, वय २१. मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, नुसता छंद म्हणून, फार मोठं काही होणार नाही, अशा अर्थाचं त्याने लिहून कळवलं होतं. त्याला नाव 'फ्रीक्स' ठेवायचं होतं. सर्व्हरवर जागा देणाऱ्याने परस्पर फोल्डरला 'लिनक्स' नाव दिलं आणि तेच चिकटलं. मामा 'खूळ' म्हणतात तेव्हा मी त्यांना हे ऐकवते. ते म्हणतात, "तो कॉम्प्युटरचाच होता ना पण?" बरोबर आहे त्यांचंही.

आता सी की पायथन. माझी सुरुवात कॉलेजच्या लॅबमध्ये झाली, टर्बो सी या सीचे प्रोग्राम लिहायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्यावर. १९९०च्या आसपासचं ते, आजच्या मशीनवर थेट चालत नाही म्हणून डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, बसवलेलं. फॅक्टोरियलचं, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार करायचं, प्रॅक्टिकल होतं. सात दिले, ५०४० आलं. आठ दिले, उत्तर आलं उणे २५२१६. मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, "सातच्या पुढे इनपुट द्यायचं नाही. जर्नलमध्ये पाचचं आउटपुट लिहा." अख्ख्या बॅचने पाचचं लिहिलं. मीही लिहिलं.

पण ते उणे काही डोक्यातून जाईना. आठाचं फॅक्टोरियल ४०३२०. त्या जुन्या कंपायलरमध्ये (लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर) 'इंट'ला, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या खणाला, दोनच बाइट, म्हणजे ३२७६७च्या पुढे जागाच नाही. त्यापुढे गेलं की जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा आकडा उलटतो, आणि तो शून्यावर न येता उण्यात जातो. ४०३२०मधून ६५५३६ वजा केले आणि नेमके उणे २५२१६ आले, तेव्हा मी कॅन्टीनमध्ये एकटीच हसले. घरी लिनक्सवर तोच प्रोग्राम जीसीसी या आजच्या कंपायलरने चालवला. तिथे 'इंट'ला चार बाइट, त्यामुळे बारापर्यंत सगळं बरोबर. तेराला आलं १,९३,२०,५३,५०४. खरं उत्तर आहे ६,२२,७०,२०,८००. हे उण्यापेक्षा वाईट, कारण हे खोटं दिसतच नाही. त्या दिवसापासून मला हा नाद आहे. उत्तर चुकलं तर ते तसंच का चुकलं, हे बघायचं. लिनक्सवर मी टिकले तेही याचसाठी: बिघडतं तेव्हा काय बिघडलं ते कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं. माझा तो काळा पडदा, म्हणजे टर्मिनल, ही हुकूम टाइप करायची आणि ते वाचायची जागा. हॅकिंग-बिकिंग काही नाही.

म्हणून पोरांना सांगते, भाषा कुठलीही घ्या, पण आधी एक रखडलेलं काम शोधा. नुसती भाषा शिकायला बसलं की तिसऱ्या दिवशी व्हिडिओ दीडपट वेगाने चालू होतो आणि पाचव्या दिवशी रील. माझं काम घरातच होतं, आबांची फाइल.

आबांनी म्हातारपणी एका दोनशे पानी वहीत आठवणी लिहिल्या होत्या: वस्तीवरची विहीर, कर्ज, ७२चा दुष्काळ, खडी फोडायला गेलेली माणसं. बाबांनी ती तालुक्याला एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली. वहीला पुढे वाळवी लागली. झेरॉक्स काढलेली प्रत कुणीतरी वाचायला नेली ती नेलीच. डीटीपीच्या दुकानात आता मोबाइल कव्हरं मिळतात. उरली एक सीडी आणि तीत एक फाइल. ती उघडली तर आत सगळं इंग्रजी. 'विहीर' हवी तिथे एफ, ओ, जी, एच, जे. फोघज! आबांनी फोघज खणली.

आत्याला वाटलं, व्हायरस आहे. प्रकार तसा साधा होता. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, घरोघरी पोचायच्या आधी मराठी टाइप व्हायची ती अशा फॉन्टांत. आत साठवायचं इंग्रजी अक्षरच, फक्त फॉन्ट त्या 'एफ'च्या जागी वेलांटीचं चित्र काढायचा, 'ओ'च्या जागी 'व'चं. जुन्या टाइपरायटरची मांडणी. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की फोघज. तो फॉन्ट शोधून टाकला असता तर वाचता आलं असतं, पण मोबाइलवर पाठवता आलं नसतं आणि त्यात 'दुष्काळ' शोधून सापडला नसता, कारण फाइलमध्ये दुष्काळ नाहीच, त्याचं सोंग आहे.

तर मी पायथन घेतलं आणि कोष्टक करायला बसले. डावीकडे इंग्रजी अक्षर, उजवीकडे मराठी. पहिल्या तासात पन्नास ओळी झाल्या आणि मला वाटलं, झालं की! मग वेलांटी आडवी आली. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारतात आणि मग अक्षर, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये आधी 'व' आणि मग वेलांटी, आपण बोलतो तसं. म्हणजे प्रत्येक पहिली वेलांटी उचलून एक अक्षर पुढे न्यायची. आणि पुढे जोडाक्षर असेल तर एक नाही, अख्खं जोडाक्षर ओलांडायचं. रफाराचं बरोबर उलटं. 'कर्ज' तिथे क, ज आणि मग डोक्यावर रफार. युनिकोडला हवं क, र, हलन्त, ज. म्हणजे तो मागे आणायचा. शिवाय 'ख' हे एक अक्षर नाही, अर्धा ख आणि काना अशा दोन खुणा. लांब जोड्या आधी बदलायच्या, सुट्या खुणा नंतर, नाहीतर सगळ्या मजकुरात काने मोकाट सुटतात. हे मला तीन रात्री फुकट घालवून कळलं.

याच काळात कॉलेजात पॅलिन्ड्रोमचं प्रॅक्टिकल आलं. शब्द उलटा केला तरी तोच येतो का, ते बघायचं. सगळ्यांनी 'मॅडम' लिहिलं, इंग्रजीत. मी घरी "रामाला भाला मारा" दिलं, मोकळ्या जागा काढून. लहानपणी आपण सगळ्यांनी उलटसुलट म्हटलेलं वाक्य. पायथन म्हणालं, नाही. उलटं छापून बघितलं तर ओळीच्या सुरुवातीला एक पोरका काना, ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून उभा. कॉम्प्युटरच्या लेखी 'रा' म्हणजे 'र' आणि काना अशा दोन वेगळ्या गोष्टी, आणि उलटताना काना आधी येतो. 'क्षत्रिय'ची लांबी विचारली तर तो आठ सांगतो. आपण तीन मोजतो. अक्षर म्हणजे काय हे आपल्याला बालवाडीत कळतं, त्याला नियम लिहून सांगावा लागतो. देवनागरी जोडाक्षर तोडू नये, एकच धरावं, हा नियम युनिकोडने मजकुराचे तुकडे पाडायच्या आपल्या नियमावलीत घातला तो २०२३मध्ये. मला यात राग येण्यासारखं काही वाटत नाही. उलट अजून करण्यासारखं शिल्लक आहे, हे बघून बरंच वाटलं.

मामांना तेव्हापासून एकच विनंती करते. ऑपरेटिंग सिस्टिम हवी ती ठेवा, पण सोसायटीची पत्रं अजून त्या जुन्या फॉन्टात टाइप करू नका. त्यांचा हात टाइपरायटरच्या परीक्षेपासून त्या मांडणीवर बसलाय, नवी नको म्हणतात. तीच मांडणी ठेवून युनिकोडमध्ये टाइप करता येतं, हे मी त्यांना दोनदा दाखवलंय. दोन्ही वेळा "वा" म्हणाले.

आबांची फाइल दिवाळीच्या सुट्टीत उलगडली. एकशे चौदा पानं. बऱ्याच चुका राहिल्या होत्या, एकेक काढत गेले. एका वाक्याशी मात्र अडले. "दुपारी आम्ही पोरं थारोळ्यात पाय सोडून बसायचो." थारोळं मला एकच माहीत, बातमीतलं, रक्ताचं. आठ-दहा वर्षांची पोरं त्यात पाय सोडून कशी बसतील? कोष्टकात 'थ' चुकला असणार म्हणून बाकीचे सगळे 'थ' तपासले. ते बरोबर. 'ळ' तपासला. रफार इकडे येऊन पडलाय का ते बघितलं. पहाटे दोनपर्यंत माझ्याच प्रोग्रामवर संशय घेत बसले होते.

सकाळी आत्याला फोन लावला आणि वाक्य वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, "अगं, मोटेचं पाणी पडायचं ना, ते विहिरीच्या काठावरचं दगडी टाकं. त्याला थारोळं म्हणायचे. मीसुद्धा बसलीय त्यात." आणि मग म्हणाली, "पुढचं वाच."