एरिक डॉल्फीची चार वर्षे

जॅझच्या इतिहासात अमेरिकन वादक एरिक डॉल्फीचे नाव बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी आधाराने येते: बेसवादक चार्ल्स मिंगसच्या चमूतला, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या साथीचा, सॅक्सोफोनवादकच असलेल्या ऑर्नेट कोलमनच्या प्रयोगातला. मला हे नेहमी खटकते. २१ डिसेंबर १९६० ह्या एकाच दिवशी त्याने कोलमनच्या 'फ्री जॅझ' आणि स्वतःच्या 'फार क्राय' ह्या दोन्ही ध्वनिमुद्रिकांसाठी वादन केले, एवढे लक्षात घेतले तरी त्याला केवळ साथीदार म्हणणे कठीण जाते.

१९२८ मध्ये लॉस एंजेलिसला जन्मलेला डॉल्फी न्यूयॉर्कला आला तो १९५९ मध्ये, म्हणजे तिशी उलटल्यावर. त्याची स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका एप्रिल १९६० मधली आहे. आल्टो सॅक्सोफोन आणि बासरी ह्यांच्या जोडीला त्याने बेस क्लॅरिनेट हे खर्जातले क्लॅरिनेट घेतले, आणि तोवर जॅझमध्ये क्वचितच पुढे येणाऱ्या ह्या वाद्याला एकल वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. खर्जातल्या घुमाऱ्यातून तो एकाच उडीत तारसप्तकातल्या चीत्कारापर्यंत जातो. मींडेने स्वराला स्वर जोडलेला ऐकण्याची सवय असलेल्या माझ्या कानांना ह्या उड्या आरंभी चक्क बेसुऱ्या वाटल्या होत्या; पुष्कळ वेळा ऐकल्यानंतर कळले की त्यांतला एकही स्वर बेहिशेबी नाही. पक्ष्यांच्या आवाजांचा आपल्या वादनाशी असलेला संबंध तो स्वतःच सांगत असे.

नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड ह्या जॅझ क्लबमध्ये कोल्ट्रेनने 'इंडिया' ही रचना वाजवली तेव्हा बेस क्लॅरिनेट डॉल्फीकडे होते. खाली दोन डबल बेस तानपुऱ्यासारखी जमीन धरून असल्यामुळे आपल्याकडच्या श्रोत्याने डॉल्फी ऐकायला सुरुवात करावी ती इथून, असे मला वाटते. 'डाउनबीट' ह्या जॅझविषयक मासिकातल्या एका समीक्षकाने मात्र त्या दोघांच्या वादनाला 'जॅझविरोधी' ठरवले, आणि पुढच्या वर्षी दोघांनी त्याच मासिकातून शांतपणे उत्तर दिले.

रचनाकार म्हणून तो पुरता उमगतो तो २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मुद्रित झालेल्या 'आउट टु लंच' ह्या ध्वनिमुद्रिकेत. पाचही रचना त्याच्याच आहेत. पियानोऐवजी बॉबी हचरसनचा व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचे वाद्य) असल्याने स्वरांभोवती भरपूर मोकळी जागा राहते, आणि अवघ्या अठरा वर्षांचा ड्रमवादक टोनी विल्यम्स ठेका धरून ठेवण्यापेक्षा तो मोडून पुन्हा बांधण्यातच अधिक रमतो. पियानोवादक थेलोनियस मंकला उद्देशून केलेली 'हॅट अँड बिअर्ड' ही रचना पाच अधिक चार अशा नऊ मात्रांच्या चालीवर उभी आहे. हातावर मात्रा मोजत ती ऐकण्यात वेगळीच मजा आहे.

त्या वसंतात मिंगसबरोबर युरोपात गेलेला डॉल्फी तिथेच थांबला. निदान न झालेल्या मधुमेहाने २९ जून १९६४ रोजी बर्लिनमध्ये त्याचा मृत्यू झाला. छत्तिसावा वाढदिवस होऊन नऊच दिवस झाले होते. त्याची बासरी आणि बेस क्लॅरिनेट पुढे कोल्ट्रेनकडे गेली.