दम्याच्या पंपापासून कबुतरांपर्यंत: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा माझा अनुभव

कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप, एवढ्यावरून मला आधी दम्याचा पंप मिळाला, मग अँटिबायोटिक. मध्येच थुंकीची टीबीसाठी तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली. पंपाने फारसा फरक पडेना. त्यात नवल नव्हतं. दम्यात श्वासनलिका आकसतात. मला निघालेल्या हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये श्वासावाटे गेलेल्या कणांवर शरीराची प्रतिकारशक्ती उसळते आणि फुफ्फुसाला सूज येते. माझी सूज त्याही पुढे, अगदी बारीक नळ्यांभोवती आणि वायुकोशांच्या भिंतींत होती.

पहिला संशय आला तो छातीरोगतज्ज्ञांना, पाठीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर. वेल्क्रोची पट्टी ओढून काढावी तसा आवाज दोन्ही बाजूंना येत होता. मग एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसांचा बारकाईने दाखवणारा सीटी स्कॅन झाला: एकदा श्वास भरून घेऊन, एकदा पूर्ण सोडून. बारीक नळ्या सुजल्या असतील तर सोडलेल्या श्वासातही हवा आत अडकते आणि ते भाग काळे राहतात, म्हणून दुसरं चित्र मुद्दाम घेतात. माझ्या फिल्मवर काळी, करडी आणि धुरकट पांढरी ठिगळं होती, आणि काही ठिकाणी व्रण, म्हणजे फुफ्फुसाचा कायमचा कडक झालेला भाग, फायब्रोसिस. पीएफटीत, म्हणजे फुफ्फुसांच्या क्षमतेच्या चाचणीत, व्हायटल कपॅसिटी (पूर्ण श्वास भरून जितकी हवा सोडता येते ती) कमी आली, डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो त्याचं माप) त्याहून कमी. बसल्या जागी ऑक्सिजन छान दिसायचा. सहा मिनिटं चालवल्यावर घसरायचा. घरी नुसतं बोटाला ऑक्सिमीटर लावून निर्धास्त होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण खरा वेळ गेला तो प्रश्नांत. घरात ओल आहे का? ह्युमिडिफायर? कूलर? पिसांची उशी? वाळलेलं गवत, धान्य, लाकडाचा भुसा यांच्याशी संबंध? फुंकून वाजवायचं वाद्य? पूर्वी काय काम करत होता? पक्षी पाळता का, याला मी नाही म्हटलं. त्यावर डॉक्टर म्हणाले, "पाळत नसाल हो, पण येतात का?" येत होते. झोपायच्या खोलीच्या एसीमागे कबुतरांनी कित्येक वर्षं संसार मांडला होता. वाळलेल्या विष्ठेची भुकटी आणि पिसांवरची पूड, दोन्ही श्वासावाटे आत जातात. नवरा त्याच खोलीत झोपतो आणि ठणठणीत आहे. ही रोगप्रतिकारशक्तीची अतिरेकी प्रतिक्रिया आहे, ती सगळ्यांनाच होत नाही.

रक्तात कबुतरांविरुद्धची आयजीजी, म्हणजे एक प्रकारची अँटिबॉडी, वाढलेली निघाली. मला वाटलं, झालं निदान. डॉक्टरांनी थांबवलं: निरोगी कबुतरपाळ्यांच्या रक्तातही ती सापडते, तिने फक्त संपर्क कळतो. ब्रॉन्कोस्कोपीत, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवात लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, भरपूर निघाल्या. मग छातीरोगतज्ज्ञ, रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून सगळं जुळवलं आणि बायोप्सी टळली. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार या आजाराचे व्रण असलेला आणि व्रण नसलेला असे दोन प्रकार करतात, माझा पहिला.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं. चेहरा सुजला, साखर वाढली, हाडांसाठी कॅल्शियम आलं. हे औषध मनाने एकदम बंद करायचं नाही, डोस हळूहळूच उतरवायचा. पुढे प्रतिकारशक्ती आवरणारं मायकोफेनोलेट जोडलं, त्यासाठी ठरावीक काळाने रक्ततपासणी. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसीही घेतल्या.

तरी माझ्या मते गोळ्यांपेक्षा मोठा उपचार म्हणजे कारण दूर करणं. साफसफाई मी स्वतः करायची नव्हती. घाण आधी ओली केली, म्हणजे धूळ उडत नाही, मगच खरवडली. जाळ्या बसवल्या, गादी आणि पडदे बदलले, पिसांची उशीही गेली. तेवढे दिवस मी बहिणीकडे होते, कारण पक्षी गेले तरी त्यांचे कण घरात महिनोन्‌महिने टिकतात. मास्क लावून त्याच खोलीत राहिलं तर चालेल, असं सुचवणारे पुष्कळ भेटले, चालत नाही. शेजारच्या काकांनी दाणे टाकणं थांबवावं म्हणून त्यांना माझा सीटी रिपोर्ट दाखवावा लागला.

आता खोकला जवळपास गेलाय. डीएलसीओ थोडा सुधारला, व्हायटल कपॅसिटी आहे तिथेच आहे, व्रण मात्र राहिले. पुढच्या पीएफटीत घसरण दिसली तर निंटेडॅनिब या औषधाचा विचार करायचं ठरलंय. त्याने व्रण जात नाहीत, त्यांची वाढ मंदावते. आणि जुलाबांचा त्रास बऱ्याच जणांना होतो, हेही डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.