तुम्ही विचारलंत म्हणून: मी सारखं झोपेचंच का विचारते

"मॅडम, आम्ही चिडचिडीसाठी आलोय, अभ्यासात लक्ष नाही म्हणून आलोय, तुम्ही झोपेचंच काय घेऊन बसलात?" मी मुलांची सायकॉलॉजिस्ट आहे आणि हे मला इतके आईबाबा विचारतात की म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

"रात्री झोपतच नाही हो" एवढ्यावर मला काहीच कळत नाही. एखाद्या मुलीला झोप येत असते पण आडवं झालं की डोक्यात युनिट टेस्ट, कोणी ग्रुपमधून काढलं, सगळं सुरू होतं. एखाद्याला अकराला झोप आलेलीच नसते, कारण वयात येताना मेलाटोनिन (रात्र झाली, झोपायची वेळ झाली हे शरीराला सांगणारं हार्मोन) उशिरा तयार व्हायला लागतं, शरीराचं घड्याळ तास-दोन तास पुढे सरकतं, वर मोबाइल आहेच. आणि एखादा दहा तास झोपूनही वर्गात पेंगतो.

म्हणून मी मे महिन्याचं विचारते. शाळा नाही, क्लास नाही, तेव्हा कधी झोपतो, कधी उठतो? दोनला झोपून अकराला फ्रेश उठत असेल तर बहुतेक वेळा झोप ठीक असते, वेळ सरकलेली असते. पण सुट्टीतही तळमळतो, पहाटे चारला जागा होऊन बसतो, क्रिकेट सोडलंय, जेवण कमी झालंय, असं असेल तर मी उदासीबद्दल विचारते, जगणं नकोसं वाटतं का हेही सरळ विचारते, आणि तेव्हा तुम्हाला बाहेर बसवते. राग येतो काहींना, पण येऊ दे. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तसले विचार येत नाहीत, उलट बरीच मुलं तेव्हाच बोलायला लागतात.

घोरण्याचं विचारलं की घरचे हसतात, आजोबांवर गेलाय म्हणतात. मी म्हणते मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून आणा. एका दुसरीतल्या मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) असेल म्हणून शाळेने पाठवलं होतं, त्याच्या व्हिडिओत तोंड उघडं, मान मागे ताणलेली, घोरता घोरता मधेच आवाज बंद, छाती नुसती हलतेय, आणि मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास. त्याला मी आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, अडेनॉइड्स (नाकाच्या मागे असलेल्या टॉन्सिल्ससारख्या गाठी) वाढलेले निघाले, त्यानेच झोपेत श्वास अडत होता. लहान मुलं झोप अपुरी पडली की बरेचदा मलूल होत नाहीत, उलट घर डोक्यावर घेतात. (म्हणून सगळा एडीएचडी टॉन्सिल्समुळे असतो असं मी म्हणत नाहीये, प्लीज तसं फॉरवर्ड करू नका.) रात्री पायात वळवळतं म्हणून पाय आपटणाऱ्या मुलांचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघायला मी बालरोगतज्ज्ञांना सांगते, कारण हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही ते कमी असू शकतं.

मग दोन आठवड्यांची वही. वॉच नको, ॲप नको, साधी वही, दिवे कधी बंद, झोप अंदाजे कधी लागली, किती वेळा जाग आली, उठला कधी. शाळेतून आल्यावरची पाच ते सातची झोप लिहायला सगळे विसरतात आणि क्लासला जाताना घेतलेला मोठा कप चहासुद्धा, अर्धं उत्तर तिथेच असतं.

तेरा ते अठरा वयाला 8 ते 10 तास लागतात. सातची शाळा म्हणजे साडेपाचला उठणं, मग हिशोब तुम्हीच करा. आपल्या सरकारने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका म्हणून जीआर काढला, छानच झालं, पण घड्याळ सरकतं ते आठवी-नववीच्या पोरांचं आणि ती तशीच राहिली. कॅलिफोर्नियात 2022 पासून हायस्कूलं साडेआठच्या आधी भरत नाहीत (काही ग्रामीण शाळा सोडून).

आणि ऑनलाइन मागवलेल्या मेलाटोनिनच्या गोळ्या आधीच चालू असतील तर लपवू नका. किती वाजता देता तेही वहीत लिहा, कारण चुकीच्या वेळी दिली तर घड्याळ आणखी भलतीकडे सरकू शकतं.